पडीक राहण्याची पाळी

धुळ्याच्या जुन्या पेठेतील गल्ल्या नावांपेक्षा क्रमांकांनीच अधिक ओळखल्या जातात. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणे केले, सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली आणि व्यापाऱ्यांना येथे स्थायिक होण्यास उत्तेजन दिले. मारवाडातून व गुजरातेतून जी कुटुंबे पुढे या वस्तीत आली, ती एकेकट्याच्या बळावर क्वचितच टिकली. आधी एक भाऊ आला. त्याने दुसऱ्याला बोलावले. दोघांनी मिळून भाच्याला गादीवर बसवले. भांडवल थोडे होते, ओळख त्याहून थोडी होती. परंतु एकाची पत दुसऱ्याच्या शब्दावर उभी राहू शकत होती. त्या काळी पेढी म्हणजे घरच होते आणि घर म्हणजे पेढी.

अशाच एका गल्लीतील एका घरात लक्ष्मीपूजनाच्या रात्री जे घडले, ते थोड्याफार फरकाने खानदेशातील अनेक घरांत घडून गेले असेल. तीन भावांचे ते कुटुंब. तेलबिया आणि धान्याची अडत, तीन पिढ्यांची. थोरल्या भावाला सारे घर ‘बाबूजी’ म्हणते. वय शहात्तर, रोजमेळ अजूनही स्वतः तपासल्याखेरीज त्यांना झोप येत नाही. घराची एक जुनी रीत अशी की मुले आपल्या वडिलांनाही बाबूजी किंवा काकाजी म्हणत, म्हणजे इतर चुलत भावंडे जी हाक मारीत तीच. आपला बाप आणि परका बाप असा भेद जिभेवरही येऊ नये, अशी त्यामागची शिकवण होती.

पूजा आटोपली, वह्यांवर कुंकवाची बोटे उमटली आणि धाकट्या भावाचा चौतीस वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणाला, “बाबूजी, माझा हिस्सा वेगळा करून द्या. मला ठिबक संचांचे आणि सौर पंपांचे दुकान टाकायचे आहे. दोन वर्षे विचारतो आहे.”

बाबूजींनी नेहमीचेच उत्तर दिले. एकट्याचे काही नसते, जे आहे ते घराचे आहे, मूठ उघडली की बोटे उरतात. पुतण्याने ते ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “घराचे आहे ते खरेच. पण माझ्या वडिलांचा हिशेब कोणत्या वहीत आहे, तेवढे दाखवा.”

‘माझे वडील’ हे शब्द त्या घरात कोणी उच्चारल्याचे बाबूजींना आठवत नव्हते. धाकटे भाऊ समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत. उठून समईतली वात सारखी करू लागले.

त्या प्रश्नामागे पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट होती. १९७२ च्या दुष्काळात पेढीची निम्मी उधारी बुडाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडिलांना अर्धांगवायू झाला. १९७४ साली धाकट्याला पुण्याला अभियांत्रिकीचा प्रवेश मिळाला, तो एक सत्र शिकला आणि थोरल्या भावाच्या एका पत्रावरून परत आला. दुकानात माणूस हवा होता. मधल्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि थोरला बाजार समितीतले काम सोडू शकत नव्हता. राहिला धाकटा. तो आला, मापाला उभा राहिला आणि पुढे कधी पुण्याचे नावही त्याने काढले नाही. घराने त्याला शहाणा मुलगा म्हटले. शहाणपणाची ती नोंद सर्वांनी केली, किंमत मात्र कोणी लिहून ठेवली नाही.

बाबूजींची नात पुण्यात प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. दिवाळीला ती घरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी मागल्या अंगणातील कडुनिंबाखाली बसले असता ती चहा घेऊन आली. झाडाखाली सातभाईंचा थवा पाचोळा उलथीत होता. खाकी रंगाचे, विस्कटलेल्या पिसांचे आणि सदैव कलकल करणारे हे पक्षी खानदेशात प्रत्येक अंगणात असतात. बाबूजी म्हणाले, “बघ, पाखरांनाही कळते. सात भाऊ एकत्र राहतात. माणूसच तेवढा बिघडला. तुमच्या त्या डार्विनने ‘बळी तो कान पिळी’ शिकवले, त्याची ही फळे.”

नातीने हसून सांगितले की डार्विनवर हा आळ बराच जुना आहे. ‘सर्वांत लायक तोच टिकेल’ या अर्थाचा प्रसिद्ध शब्दप्रयोग मुळात डार्विनचा नव्हे, हर्बर्ट स्पेन्सरचा. १८५९ च्या ग्रंथात तो नव्हताच, डार्विनने तो दहा वर्षांनंतरच्या आवृत्तीत स्वीकारला. उलट १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीवर लिहिताना डार्विनने असा विचार मांडला की ज्या टोळीत एकमेकांना साहाय्य करणारी आणि सर्वांच्या हितासाठी झीज सोसणारी माणसे अधिक, ती टोळी इतर टोळ्यांवर मात करील. मात्र त्याच ठिकाणी त्याला एक अडचणही दिसली होती. टोळीसाठी जीव देणारा शूर पुरुष संतती मागे न ठेवताच मरतो आणि मागे राहिलेल्या भित्र्याची मुले वाढतात. मग शूरपणा टिकतो कसा? समूहाला जे हिताचे ते व्यक्तीला महाग पडते आणि व्यक्तीला जे स्वस्त ते समूहाला बुडवते. व्यक्ती की समूह, हा वाद माणसाने काढलेला नाही. जीवसृष्टीत तो माणसाच्या फार आधीपासून चालत आला आहे.

बाबूजींनी विचारले, “मग हे सातभाई कसे टिकले?”

उत्तराचा पहिला भाग विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये दिला. सख्ख्या भावंडांत वारशाचा सरासरी निम्मा भाग समान असतो, काका-पुतण्यांत चौथा, चुलत भावंडांत आठवा. भावाची पिले वाचवणारा पक्षी काही अंशी आपलाच वारसा वाचवीत असतो. सातभाईंच्या थव्यात पिलांना भरवण्याचे काम आई-बापांखेरीज इतरही करतात, एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो, आणि थव्यात नात्याची पाखरे पुष्कळ असतात. बाबूजींनी हे आकडे बोटांवर मोजले. निम्मा, चौथा, आठवा. “म्हणजे,” ते म्हणाले, “तिसऱ्या पिढीला पेढी फुटते, हे तुमच्या शास्त्रालाही ठाऊक आहे.”

परंतु नातीने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती त्यांना रुचली नाही. पावशा आणि चातक हे दोन्ही पक्षी आपली अंडी सातभाईंच्याच घरट्यात घालतात. सातभाई ती उबवतात आणि परक्या पिलाला मरमर मरून भरवतात. ज्या चातकाच्या निष्ठेचे कवींनी एवढे कौतुक केले, तो सातभाईंच्या घरी असा फुकट वाढतो. जिथे एकमेकांसाठी झटणारे असतात, तिथे त्या झटण्यावर जगणारा कोणीतरी येतोच. म्हणून नुसत्या प्रेमळपणावर कोणताही समूह टिकत नाही. कोण किती देतो आणि कोण किती घेतो, यावर लक्ष ठेवण्याची काही सोय त्याला लागते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट शास्त्रज्ञाने सांगावी लागत नाही. तरीही अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेला प्रयोग अडतीच्या गादीवर बसणाऱ्या कोणालाही आपला वाटावा. त्याने निरनिराळ्या विद्वानांना संगणकासाठी एकेक व्यवहारपद्धती लिहून पाठवण्यास सांगितले. दोन पक्ष पुन्हा पुन्हा समोरासमोर येणार. दर वेळी प्रत्येकाने एकतर सहकार्य करायचे किंवा दगा द्यायचा. पहिल्या फेरीत चौदा पद्धती आल्या, दुसऱ्या फेरीत बासष्ट. काही फार चतुर, काही कावेबाज. दोन्ही वेळा जिंकली ती अनातोल रॅपोपोर्टने पाठवलेली सर्वांत आखूड पद्धत: पहिल्यांदा सहकार्य करावे आणि नंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच आपण करावे. १९८४ मध्ये ॲक्सेलरॉडने यावर ग्रंथ लिहिला. पुढच्या संशोधनात असे दिसले की जिथे चुकूनही गैरसमज होऊ शकतात, तिथे अधूनमधून क्षमा करणारी पद्धत याहून सरस ठरते. पहिला माल उधार द्यावा, बुडवणाऱ्याला पुन्हा देऊ नये, पण एखाद्या दुष्काळी वर्षात जुन्या गिऱ्हाइकाला सांभाळून घ्यावे. धुळ्याच्या बाजारात हे शहाणपण संगणकापूर्वीच रुजलेले होते. मात्र त्याला एक अट होती. खाते दोघांच्याही डोळ्यांसमोर असले पाहिजे.

“आपल्या घरात खाते एकाच्याच डोळ्यांसमोर आहे,” नात म्हणाली. बाबूजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि ते उठून गेले.

माघात बाबूजींना साक्री तालुक्यात एका जुन्या शेतकरी गिऱ्हाइकाकडे जावे लागले. त्यांनी पुतण्यालाच गाडी काढायला सांगितले; घरात बोलणे जवळजवळ बंद होते, गाडीतही ते फारसे सुरू झाले नाही. शेतकऱ्याचे गाव पांझरेच्या काठी. पिंपळनेरकडच्या डोंगरांतून निघून धुळ्यावरून तापीला जाणारी ही नदी. तिच्यावर आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वी लोकांनी दगडी बंधारे बांधले आणि त्यांवर जी सिंचनाची रीत बसवली, ती ‘फड’ या नावाने ओळखली जाते. आज वर धरणे झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पुष्कळ फड मोडले. काही ठिकाणी ती रीत अजून तग धरून आहे.

वृद्ध शेतकऱ्याने दोघांना बंधाऱ्यावर नेले. नदीचे पाणी पाटात वळत होते आणि तेथून चाऱ्यांनी शेतात उतरत होते. त्याने जे सांगितले ते असे. बंधाऱ्याखालची सारी जमीन बहुधा चार फडांत वाटलेली असते. एका फडात एकच पीक घ्यायचे: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, असे. कोणत्या फडाला यंदा पाणी द्यायचे, कोणता पडीक ठेवायचा, हे पाहून सवरून गावाचे पंच ठरवतात. पाणी कमी असेल तर भिजणारे क्षेत्र सर्वांसाठीच कमी होते. पाटाच्या पाण्याला शेतकऱ्याने स्वतः हात लावायचा नाही. पाटावर पाटकरी, शेतात पाणी देणारा बारेकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार; आणि यांची मजुरी शेतकऱ्यांनी आपल्या पिकातून द्यायची. पाटाचा गाळ काढायला प्रत्येक घरचा माणूस आला पाहिजे.

“जमीनही सगळ्यांची का?” पुतण्याने विचारले.

म्हातारा हसला. “पानी समदास्नं शे,” तो अहिराणीत म्हणाला, “वावर ज्यानं त्यानं.”

पाणी सर्वांचे, शेत ज्याचे त्याचे. पुतण्याला हे वाक्य फार आवडले. आपण तरी याहून वेगळे काय मागतो, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. बाबूजींनी मात्र दुसराच प्रश्न विचारला. “ज्याची जमीन पडीक फडात, त्याने त्या वर्षी काय खायचे?”

त्यावर म्हातारा म्हणाला की एकाच फडात एकाचीच जमीन अशी नसते. जुन्या लोकांनी वाटणी करताना प्रत्येकाला शक्यतो प्रत्येक फडात तुकडा मिळेल असे पाहिले. ऊस सर्वांचा थोडा थोडा, गहू सर्वांचा थोडा थोडा आणि पडीकही सर्वांचे थोडे थोडे. शिवाय यंदाचा पडीक फड पुढे भिजतो. “एकाचेच वावर दरसाल कोरडे ठेवले असते, शेठ, तर तो कधीच कुऱ्हाड घेऊन पाटावर आला असता.”

परतीच्या वाटेवर धुळे येईपर्यंत बाबूजी काही बोलले नाहीत. पांझरेचा पूल ओलांडताना ते एवढेच म्हणाले, “तुझ्या वडिलांचे वावर पन्नास वर्षे कोरडे राहिले.”

सामूहिकतेची बाजू घेणारे लोक ज्या ठिकाणी नेहमी चुकतात, ते हेच ठिकाण. त्याग ही त्यांना समूहाची शोभा वाटते. त्यागाची पाळी कोणाची, हे विचारणे त्यांना क्षुद्रपणाचे वाटते. आणि बहुतेक घरांत ती पाळी फिरत नाही. ती एका धाकट्या भावावर येऊन थांबते, एका विधवा काकूवर थांबते, शिकण्याची इच्छा असलेल्या एका मुलीवर थांबते. घर उभे राहते, त्याचे नाव होते आणि ज्याच्या खांद्यावर ते उभे असते त्याला ‘शहाणा’ ही पदवी मिळते. पुढच्या पिढीत त्या शहाण्याचा मुलगा हिस्सा मागतो, तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटते.

व्यक्तीची बाजू घेणारेही दुसऱ्या टोकाला तसेच चुकतात. ज्या ठिबकाच्या दुकानाचे स्वप्न पुतण्या पाहत होता, त्याचेच उदाहरण घेता येईल. शेजारच्या जळगावने ठिबक सिंचनात साऱ्या देशात नाव मिळवले. ज्या मुळाला जेवढे हवे तेवढेच पाणी द्यायचे, ही त्यातील कल्पना खरोखर मोलाची आहे आणि तिने शेतकऱ्याला पाळीपासून, पाटकऱ्यापासून, गावाच्या भांडणापासून मोकळे केले. स्वतःची विहीर, स्वतःची मोटार, स्वतःची नळी. पण विहिरी वेगळ्या असल्या तरी जमिनीखालचे पाणी एकच असते. एकाने बोअर खोल नेले की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते, मग शेजारी त्याहून खोल जातो. वरून पाहता प्रत्येक जण स्वतंत्र दिसतो. खाली सर्वांची मुळे एकाच पाण्यात असतात.

अमेरिकेतील गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये असे मांडले होते की जे सर्वांचे असते ते अखेर नासतेच. कारण प्रत्येक गुराखी सामाईक कुरणात आणखी एक गाय सोडणे स्वतःच्या फायद्याचे समजतो. उपाय दोनच: कुरणाचे तुकडे करून वाटा किंवा सरकारने ताब्यात घ्यावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने मात्र तर्काऐवजी प्रत्यक्ष गावे पाहिली. स्वित्झर्लंडची डोंगरी कुरणे, जपानमधील गावरान जंगले, स्पेन आणि फिलिपाइन्समधील पाटबंधारे. शेकडो वर्षे टिकलेली सामाईक व्यवस्था तिला जागोजाग सापडली, आणि १९९० मधील ग्रंथात तिने त्यांच्यातील समान सूत्रे सांगितली. सभासद कोण हे ठरलेले असावे. भार आणि लाभ यांचे प्रमाण जुळावे. ज्यांना नियम पाळायचे त्यांना नियम बदलण्यात मत असावे. राखण करणारा सभासदांना उत्तरदायी असावा. पहिल्या चुकीला लहान दंड, वारंवार चुकणाऱ्याला मोठा. भांडण मिटवण्याची जागा जवळ आणि स्वस्त असावी. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढे डेव्हिड स्लोन विल्सन या उत्क्रांतिशास्त्रज्ञाबरोबर तिने याच सूत्रांना उत्क्रांतीचा आधार दाखवला. तिच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये, तो निबंध प्रसिद्ध झाला. समूहातील प्रत्येकाला न्याय मिळतो आणि फुकट खाणाऱ्याला आळा बसतो, तेव्हा व्यक्तीचे हित आणि समूहाचे हित एका दिशेला वळते. मग तो समूह एका शरीरासारखा वागू लागतो आणि टिकतो. पांझरेच्या पंचांनी हा निबंध वाचलेला नव्हता. पण त्यांच्या रीतीत यांपैकी बहुतेक सूत्रे होती.

कुटुंबाची रीत कायमची ठरलेली आहे, ही समजूतही याच शहरात एका मोठ्या माणसाने पारखून पाहिली होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे आयुष्याचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले; १९२६ मध्ये त्यांचे येथेच निधन झाले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी जे लिहिले, त्यातील तपशिलांवर वाद झाले. पण विवाह आणि कुटुंब या संस्था आकाशातून पडलेल्या नसून बदलत बदलत आल्या आहेत, हा त्यांचा मूळ विचार मागे घ्यावा लागलेला नाही. आणि बदल घडवायचा तर वेगळेपण लागते. उत्क्रांतीचा सारा माल म्हणजे वेगळेपणच. सर्व पिले तंतोतंत सारखी निपजली तर ऋतू पालटल्यावर निवडायला काही उरत नाही. जे घर वेगळे काही करू पाहणाऱ्या मुलाला दर वेळी गादीवर परत बसवते, ते एकी जपते खरे, पण पुढच्या दुष्काळाचे बियाणे खाऊन टाकते.

जैन विचाराला ही दोन्ही टोके जुन्या ओळखीची आहेत. बारा भावनांतील एकत्व भावना सांगते की जीव एकटा येतो, एकटा जातो आणि त्याच्या कर्माचा भोग दुसऱ्याच्या नावे लिहिता येत नाही. याहून कठोर व्यक्तिवाद कुठे असेल? आणि तीच परंपरा साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चतुर्विध संघ उभा करते. जीवांनी एकमेकांना साहाय्य करणे हे त्यांचे कार्यच आहे, असे तत्त्वार्थसूत्राचे सांगणे आहे, आणि भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षी सर्व पंथांनी जे एक प्रतीक स्वीकारले त्याच्या पायथ्याशी तेच सूत्र आहे. हिशेब ज्याचा त्याचा आणि साहाय्य परस्परांचे. धाकट्या भावाच्या बाबतीत घराने साहाय्य तेवढे घेतले आणि हिशेब मात्र घराच्या नावे घालून टाकला.

कायद्यानेही वाट मोकळी ठेवलेली आहे. जैन कुटुंबांना लागू असलेल्या हिंदू अविभक्त कुटुंबाच्या कायद्यात कर्ता एक असतो, पण हिस्सा जन्माने मिळतो आणि कोणताही सहदायाद वाटणी मागू शकतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही मुलासारखीच सहदायाद झाली. बाबूजींनी हे सारे वकिलाकडून समजून घेतले, ते प्रथम वाटणी टाळण्यासाठी. चैत्रात त्यांनी घरातील सर्व मोठ्या माणसांना बसवले आणि रोजमेळ, खातेवही, उचलीची वही अशा सर्व वह्या मध्ये ठेवल्या. सुनांनी त्या वह्या आतून प्रथमच पाहिल्या.

तीन बैठका झाल्या. दुसरीत मधले भाऊ रागावून उठून गेले. त्यांच्या मुलाची उचल इतरांच्या दुप्पट निघाली होती. सातभाईंच्या घरट्यातील पिलू कोणाचे, असा विचार त्या रात्री बाबूजींच्या मनात आला, पण तो त्यांनी मनातच ठेवला. तिसऱ्या बैठकीत काही गोष्टी कागदावर उतरल्या. अडत आणि पेढीचे नाव एकत्र राहील. दर तीन महिन्यांनी हिशेब सर्वांसमोर वाचला जाईल. उचल कामाप्रमाणे ठरेल आणि जास्तीची उचल पुढच्या हिश्शातून वळती होईल. आजारपण आणि शिक्षण यांसाठी नफ्याचा एक भाग आधी बाजूला काढला जाईल. पुतण्याला त्याचा हिस्सा दुकानासाठी दिला जाईल. तो अडतीतून मोकळा होईल, त्या सामाईक भागात मात्र देत राहील आणि घेतही राहील. कागद वाचून झाल्यावर नातीने विचारले, “यात मुली कुठे आहेत?” क्षणभर कोणी बोलले नाही. मग कागद पुन्हा लिहिला गेला.

धाकट्या भावाच्या नावे काय लिहायचे, यावर मात्र कोणालाच काही सुचेना. पन्नास वर्षांची मजुरी मोजता आली असती, पण हुकलेले पुणे कोणत्या दराने मोजायचे? अखेर धाकट्यांनीच तो विषय थांबवला. “मला काही नको,” ते म्हणाले, “पोराला जाऊ द्या.”

आषाढात दुकान उघडले. ते चालेल की नाही, हे आणखी दोन हंगाम गेल्यावर कळेल. पहिल्या महिन्यात एकच संच विकला गेला आणि तोही साक्रीच्या त्या म्हाताऱ्याच्या मुलाने नेला. अडतीवर एक गादी रिकामी असते. बाबूजींना ती रोज सकाळी खुपते आणि आपण घर फोडले की वाचवले, याचा निवाडा त्यांना अजून करता आलेला नाही.

भाद्रपदात संवत्सरी आली. दरवर्षी प्रतिक्रमणानंतर घरातील लहान माणसे मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागतात आणि मोठे डोक्यावर हात ठेवतात. या वर्षी बाबूजी आधी उठले. ते धाकट्या भावासमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्. चौऱ्याहत्तर सालच्या पत्राबद्दल.”

धाकटे भाऊ गडबडून उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्या पत्राचा उल्लेख करणारा पहिला माणूस ते पत्र लिहिणाराच होता. त्यांनी थोरल्याचे जोडलेले हात आपल्या हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.